इंग्रजीला 'च' नाही

वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक वाक्य दोनदा लिहीत असे. 'ॲकॉर्डिंग टू द पोलीस, ही डाइड इन द वेल.' त्याच्या खाली तेच शब्द, जागा बदलून: 'ही डाइड इन द वेल, ॲकॉर्डिंग टू द पोलीस.' मग विचारायची, दोन्हींत फरक काय? पुढच्या बाकांवरून उत्तर यायचं, काही नाही, अर्थ एकच. मागून कुणीतरी, बहुधा इंग्रजीत दोनदा नापास झालेला, म्हणायचा, "मॅडम, दुसऱ्यात पोलिसांवर डाउट आहे." त्या क्षणी माझं वर्ष सत्कारणी लागायचं.

हा डाउट आपण मराठीत शब्दांची जागा न हलवता घालतो. 'विहिरीत पडून मेला म्हणे.' एक 'म्हणे' शेवटी लावला की सांगणाऱ्यानं आपले हात बाजूला काढून घेतलेच. तसाच 'च'. तूच गेलास, तू गेलासच, तू तिथंच गेलास. शिवाय 'ही' आहे, 'तर' आहे, 'पण', 'ना', 'की' आहेत. एवढीएवढीशी अक्षरं, पण शब्द वाक्यात कुठंही बसलेला असो, ती त्याला चिकटतात आणि तो जड होतो. इंग्रजीला 'च' नाही. म्हणून आपली मुलं 'ओन्ली'कडून च चं काम करून घेतात: आय वॉज देअर ओन्ली, शी टोल्ड मी ओन्ली. स्टाफरूममध्ये चहाबरोबर ही वाक्यं एकमेकांना ऐकवून हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला कधी हसू आलं नाही. ज्या घरात च बोलला जातो त्या घरचं पोर दुसऱ्या भाषेत गेलं तरी च शोधणार. त्याला एवढंच सांगावं लागतं की इंग्रजीत च चं काम जागा करते. आणि सगळ्यांत मानाची जागा पूर्णविरामाच्या अगदी अलीकडची.

29 वर्षं मी नगर जिल्ह्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, आणि खरं सांगायचं तर हे एकच शिकवलं. काळ, प्रयोग, उपपदं सगळेच शिकवतात. मुलं माझ्या माघारी मला 'लास्ट वर्ड मॅडम' म्हणत. मला ते आवडायचं. कानावर पडावं म्हणून मी व्हरांड्यातून हळू चालायची, हेही लिहून टाकते.

आज लिहायला बसले त्याचं कारण पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी आणि तिनं लिहिलेलं एक वाक्य. त्या वाक्यात सात 'अँड' होते. पण तिच्यापर्यंत यायला मला थोडं मागून निघावं लागेल.

अडचण अशी आहे. मराठी वाक्याची शेवटची जागा क्रियापदानं आधीच धरून ठेवलेली असते. त्यामुळे ज्या शब्दावर जोर द्यायचा तो क्रियापदाच्या लगेच अलीकडे येऊन बसतो. 'हे पत्र आईनं लिहिलंय' म्हटलं की जोर आईवर. 'आईनं पत्र लिहिलंय' म्हटलं की जोर पत्रावर. क्रियापद मागून येऊन दाराला कडी घालतं, एवढंच. म्हणजे आपल्या कानाला सवय लागलेली असते शेवटून दुसऱ्या जागेची. तीच सवय घेऊन पोर इंग्रजीत उतरतं. मोलाचा शब्द शेवटाच्या जरा अलीकडे ठेवतं आणि मग रिकाम्या राहिलेल्या जागेत काहीतरी भरतं. 'द ड्रॉट टूक अवर बुलक्स इन दॅट इयर.' दुष्काळानं बैल नेले, केवढं वाक्य आहे हे! पण वाचून झाल्यावर कानात काय उरतं, तर 'त्या वर्षी'. मी लाल पेनानं 'दॅट इयर' उचलून पुढं आणायची, आणि बैल शेवटी. अशा किती वह्यांत मी किती बैल वाक्याच्या शेवटाला नेऊन बांधले, त्याचा हिशोब नाही.

हे सांगणं सोपं, हाताला लागणं कठीण. कारण मूल लिहिताना मनात मराठीच बोलत असतं आणि मनातल्या मराठीत ते वाक्य बरोबरच वाजतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या. तिची लोक चेष्टा करतात, पण तिनं एक मोठं काम केलं: मराठी वाक्य समोर ठेवून त्याची इंग्रजी मांडणी करताना काय हलतं ते हातानं हलवायला लावलं. आता सगळं 'थेट इंग्रजीतून' शिकवायचं म्हणतात. मग मुलाच्या मनातलं मराठी वाक्य तसंच अंधारात राहतं, आणि चुका तिथूनच येत राहतात.

उदाहरण म्हणून मी नेहरूंचं भाषण घ्यायची, 1947 च्या 14 ऑगस्टच्या रात्री संविधान सभेत केलेलं. त्यातलं मध्यरात्रीचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मी मुलांना त्याची फक्त मांडणी दाखवायची. आधी घटका, मग झोपलेलं जग, मग भारत, आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी एवढं थांबवून धरलं, ते स्वातंत्र्य. मग म्हणायची, आता हेच मराठीत करा. मुलं करायची, आणि प्रत्येकाच्या वहीत स्वातंत्र्याच्या मागं 'जागा होईल' येऊन उभं राहायचं. स्वातंत्र्य शेवटून दुसरं. कुणाचंही चुकलेलं नसायचं. आपली भाषा तशी आहे.

नेहरूंकडे मी वळले ते नगरची म्हणून. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पत्त्यावर मी तसंच लिहिते, पण तोंडातून अजून नगर निघतं. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंचा हा नववा आणि सगळ्यांत लांबलेला तुरुंगवास. इथंच 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हस्तलिखिताची हजारेक पानं. पुस्तक 1946 साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसनं काढलं. ते अर्पण केलंय किल्ल्यातल्या सोबत्यांना, आणि पहिल्या प्रकरणाला नाव आहे आमच्या किल्ल्याचं. त्यात चंद्राची सोबत आहे, बाग करायला खणलेली दगडगोट्यांची जमीन आहे, खणताना हाताला लागलेल्या जुन्या भिंती आहेत आणि चांदबिबीची आठवण आहे. आम्ही लहानपणी जिला शाळेच्या धड्यात पाहिलं ती चांदबिबी एका कैद्याच्या इंग्रजी वाक्यात उभी असलेली मी अहमदनगर कॉलेजात शिकताना पहिल्यांदा वाचली. 1947 साली डॉ. बी. पी. हिवाळे यांनी काढलेलं ते कॉलेज. तिथल्या आमच्या एका सरांचा वाचनाचा आवाज असा होता की वाक्य संपल्यावरही क्षणभर कुणी खोकत नसे. इंग्रजीची शिक्षिका व्हायचं ते त्या आवाजामुळे.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. एकदा मुलांना घेऊन गेले. नेहरूंची खोली जपून ठेवली आहे. मुलं इकडंतिकडं बघत होती, आणि मी त्या खोलीच्या दारात उभी राहून पाठ केलेला उतारा म्हणायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मुलांच्या चेहऱ्यांकडे माझं लक्ष होतं, उताऱ्याकडे नव्हतं. आज त्या दारातली मी आठवले की अस्वस्थ व्हायला होतं.

त्याच कोठडीच्या आवारात मौलाना आझाद पत्रं लिहीत होते, उर्दूतून, आपल्या एका स्नेह्याला उद्देशून. पाठवता येत नव्हती, तरी लिहीत होते. पुढं 'गुबार-ए-खातिर' नावानं ती छापली गेली. त्यात चहा आहे, खोलीतल्या चिमण्या आहेत, आणि 1943 मध्ये दूर कलकत्त्यात वारलेली पत्नी आहे. उर्दूचं क्रियापदही मराठीसारखं शेवटी येतं. एका आवारात दोन माणसं, दोघंही उत्तम लिहिणारी. एकाचं वाक्य क्रियापद आधी मोकळं करून पुढं जाणारं, दुसऱ्याचं क्रियापदाची वाट बघत चालणारं. कुठल्याही भाषाशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला या आवारानं जास्त शिकवलं.

पण शिकवायचं काय, आणि परीक्षेत विचारतात काय! बारावीच्या पेपरात वाक्याची दुरुस्ती असते ती गणितासारखी. 'टू' काढा. 'नॉट ओन्ली, बट ऑल्सो' वापरा. 'नो सूनर' नं सुरुवात करा. 'नो सूनर'मध्ये क्रियापद कर्त्याच्या पुढं उडी मारतं, कारण घडलेली गोष्टच घाईची असते. मागून दुसरी गोष्ट येऊन आदळते. ते वाक्य धापा टाकत बोलायचं असतं. आमच्याकडे 'त्यानं दार उघडलं आणि तो आत आला' या वाक्याला 'नो सूनर' लावायला सांगतात. मूल लावतं, गुण मिळतो. कशासाठी लावलं, ते त्याला कुणी विचारत नाही. अलंकारांचंही तेच. ओळ दिली, नाव लिहा, एका वाक्यात स्पष्टीकरण लिहा. गाईडमध्ये तक्ता असतो, तो पाठ केला की भागतं. नगर-मनमाड रस्त्यावर जाता-येता क्लासच्या पाट्या बघते, इतक्या दिवसांत इंग्रजी बोला, अस्खलित बोला. अस्खलित बोलणं मला कधीच मोठं वाटलं नाही. ज्याला थांबायचं कुठं ते कळत नाही, तो अस्खलित बोलतो.

अलंकार म्हटलं की आपल्या शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा: कशाला कशासारखं म्हटलं, याचं शास्त्र. इंग्रजी गद्याची जी आयुधं मी शिकवायची त्यांत साम्याला तेवढं महत्त्व नाही. तिथं प्रश्न असतो क्रमाचा. कुठलं आधी, कुठलं नंतर, काय पुन्हा, काय गाळलेलं. आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. सार अलंकार म्हणजे चढत जाणारा क्रम, तोच त्यांचा क्लायमॅक्स. दीपकात एकच क्रियापद दोन-तीन पदांना उजेड देतं, घराच्या मध्यावर ठेवलेल्या दिव्यासारखं. संस्कृत साहित्यशास्त्रात ही सगळी नावं आहेत. शाळेपर्यंत येता येता साम्याचे अलंकार तेवढे उरले.

आणि वाचकाला थांबवून धरायचं तर नेवासं आमच्याच जिल्ह्यात आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैस अजून तिथं आहे. ज्ञानेश्वर एक गोष्ट सांगायला घेतात. 'जैसे' म्हणतात आणि एक दृष्टांत देतात. मग 'का', मग 'नातरी', दुसरा, तिसरा, चौथा. ओव्यांमागून ओव्या जातात, मुख्य मुद्दा आलेलाच नसतो, ऐकणारा झुकून बसलेला असतो, आणि मग 'तैसे' येतं. इंग्रजीच्या पुस्तकात ज्याला पीरिऑडिक सेंटेन्स म्हणतात आणि ज्याचं मूळ लॅटिन वक्त्यांत दाखवतात, ते माझ्या मुलांच्या आज्या काकड्याला ऐकत आल्या आहेत. मी वर्गात हे सांगायची तेव्हा मुलांच्या पाठी ताठ व्हायच्या. त्यांना वाट बघायला लावणं शिकवावं लागत नाही, ते कानातच असतं. फक्त 'तैसे'नंतर काय ठेवायचं, ते इंग्रजीत वेगळं.

माझ्या मताचा सगळ्यांत मोठा आधार मात्र डॉ. आंबेडकर. मराठी घरातून येऊन असं इंग्रजी लिहिणारा दुसरा माणूस मला दाखवा. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाला पचलं नाही, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं: 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात एके ठिकाणी ते राजकीय सत्ता मागणाऱ्यांना तुम्ही त्या सत्तेला लायक आहात का, असं विचारतात. लागोपाठ प्रश्न, प्रत्येकाची सुरुवात शब्द न् शब्द तीच. बदलतो तो फक्त शेवट. एकदा शाळा, एकदा विहीर, एकदा रस्ता, एकदा अंगावरचे कपडे-दागिने, एकदा खाणं. सुरुवात तीच असल्यामुळे कान सुरुवातीकडे लक्ष देणं सोडून देतो आणि शेवटाची वाट बघतो. आणि शेवटी येते ती विहीर. माझ्या वर्गात ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीचं पाणी वरून ओंजळीत घ्यावं लागलं होतं अशी मुलं होती. त्यांना हा अनॅफोरा आहे असं सांगायची मला लाज वाटायची, पण सांगायची, कारण ते हत्यार त्यांच्या हातात यावं असं वाटायचं. नेहरूंचं वाक्य ऐकायला सुंदर. आंबेडकरांचं वाक्य उत्तर मागतं. दोघांत एक निवड म्हटलं तर मी उशिरा का होईना, दुसरं निवडलं आहे.

इथवर सगळं माझ्या बाजूनं होतं. शेवटचा शब्द जड असावा, बाकीच्यांनी त्याच्याकडे चढत जावं. निवृत्तीनंतर सावेडीतल्या घरी चार-पाच मुलं येतात, त्यांनाही हेच.

गेल्या वर्षी आषाढात पाथर्डीची ती मुलगी आली. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्याकडे माणसं हत्याराच्या नावानं मोजतात. ही आजीजवळ राहून शिकली, एस.टी.नं करंजीचा घाट ओलांडून कॉलेजला आली, बी.ए. झाली. बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या अर्जासाठी तिला स्वतःविषयी एक पान इंग्रजीत लिहायचं होतं. ते घेऊन आली होती.

पान वाईट नव्हतं. मध्यावर आईविषयी एक वाक्य होतं, त्याचा मराठीत सांगाडा असा: आई ऊस तोडते अँड पाचट काढते अँड मोळी बांधते अँड गाडी भरते अँड कोपीवर येते अँड भाकरी करते अँड झोपते अँड मग चार वाजतात. स्वल्पविराम एकही नाही. नुसते अँड.

मी पेन उचललं. हाताला आता कंप आहे, रेघ सरळ येत नाही, पण अशा वाक्यावर तो आपोआप जातो. सातातून तीन कामं ठेवली: तोडणं, वाहणं, रांधणं. तीनची चाल कानाला बरी लागते. अँड फक्त एक ठेवला. ही तिन्ही कामं आधी घेऊन, पहाटेचे चार मध्ये अडकवून, वाक्य नेऊन उतरवलं 'स्लीप'वर: जी झोप तिला मिळत नाही ती झोप. चढ होता, थांबवून धरणं होतं, शेवटचा शब्द जड होता. मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, आमच्या सरांच्या आवाजात. मला स्वतःला ते फार आवडलं होतं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "भारी झालंय मॅडम. पण ह्यात आई दमत नाही."

मी म्हटलं, म्हणजे काय? झोप नाही हेच तर सांगतंय वाक्य.

"सांगतंय," ती म्हणाली. "पण तीन कामं झाली की वाक्य बसतं. आई कुठं बसती?"

तिला चहा दिला, ती गेली, आणि मी ते दोन कागद शेजारी ठेवून रात्री उशिरापर्यंत बसले. एका वाक्यावर मी इतका वेळ याआधी कधी घालवला नव्हता. तिचं वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या अँडला माझा श्वास कमी पडायला लागला. पाचव्याला वाटलं, आता संपू दे. सातव्यानंतर चार वाजले, म्हणजे पुन्हा उठायची वेळ झाली, म्हणजे वाक्य जिथं संपलं तिथूनच पुन्हा सुरू होणार. झोपेलासुद्धा तिनं इतर कामांच्या रांगेतच उभं केलं होतं. एकाही शब्दाला दुसऱ्यापेक्षा जास्त वजन नव्हतं, आणि तेच तर तिला सांगायचं होतं. माझ्या वाक्यात शेवटच्या शब्दाला मान मिळाला, म्हणून बाकीची कामं त्याच्या पायऱ्या झाली. तिच्या आईच्या दिवसात कुठलंही काम कुठल्याही कामाची पायरी नसतं.

याला नाव आहे, पॉलिसिंडेटन. मी ते कित्येक वर्षं एका ओळीत शिकवलं: उभयान्वयी अव्ययाची हेतुपूर्वक पुनरावृत्ती. आणि ते समोर आलं तेव्हा मला ते ओळखू आलं नाही, कारण ते पाथर्डीहून आलं होतं. सिसेरोकडून आलं असतं तर ओळखलं असतं. ते तिनं पुस्तकातून उचललेलं नव्हतं. आमच्या भागातल्या बायका दिवसभराचं सांगायला बसल्या की असंच सांगतात: अन् मंग, अन् मंग, अन् मंग. माझी आजीही तसंच सांगायची. मी ते माझ्या बोलण्यातून कॉलेजात असतानाच खरवडून काढलं होतं. लोकांना वाटावं मी पुण्याची आहे, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक काढली. काही मुलांचे निबंध मी जपून ठेवले होते, माझ्या मते उत्तम झालेले. वाचत गेले. शेवगावचा मुलगा, श्रीगोंद्याची मुलगी, पारनेरचा मुलगा: एकाचे वडील एस.टी.त वाहक, एकीच्या घरी कांद्याची शेती, एकाचा भाऊ सैन्यात. आणि सगळ्यांची वाक्यं एकाच तऱ्हेनं चढत होती, एकाच तऱ्हेनं थांबत होती. तीन-तीनच्या चाली, जड शेवट. सगळी मुलं एका आवाजात बोलत होती आणि तो आवाज माझा होता. त्यातल्या एकानं आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला होता. भाषण मी लिहून दिलं होतं. तो बोलत असताना मी तिसऱ्या रांगेत बसून त्याच्याबरोबर ओठ हलवत होते, आणि टाळ्या पडल्या तेव्हा त्या मला आहेत असं मी धरून चालले होते. त्या मुलाला स्वतःचं काय सांगायचं होतं, ते मी त्याला कधी विचारल्याचं आठवत नाही.

आता मोबाईलवर यंत्राकडून निबंध लिहून घेतात. नातवानं मला दाखवलं. परिच्छेदामागून परिच्छेद, प्रत्येकात तीनची चाल, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक वजनदार वाक्य, जणू प्रत्येक वेळी टाळ्यांसाठी थांबायचं आहे. मला राग आला. रागाच्या भरात दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले की इंग्रजी संपलं. तिसऱ्या दिवशी कळलं की राग कशाचा आहे. त्या निबंधात मला खोडायला काही सापडत नव्हतं. मी जे 29 वर्षं शिकवलं, ते त्यानं चोख केलं होतं. लिहिणाऱ्या माणसाला दम लागतो, तो दम मी वह्यांतून खोडत आले होते.

'डिस्कव्हरी' पुन्हा काढलं. या वेळी निवडक उतारे सोडून सलग वाचलं. नेहरूंनाही अँडचा किती सोस आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. एका विशेषणावर त्यांचं भागत नाही, दुसरं जोडून येतं. वाक्य संपलंय असं वाटतं, तर ते पुन्हा एक अँड घेऊन पुढं चालू लागतात, आवारात फेऱ्या मारणाऱ्या माणसासारखे. संध्याकाळ झाली आणि कोठडी बंद व्हायची वेळ झाली म्हणून थांबावं, तशी काही वाक्यं थांबतात. माझ्या लाल पेनाखाली ती पानं आली असती तर मी निम्मे अँड काढले असते, आणि तुरुंगातले ते लांबलेले दिवस त्या गद्यातून निघून गेले असते.

एवढं होऊनही माझा मूळ हट्ट गेलेला नाही. इंग्रजीला च नाही, हे खरंच आहे. त्या भाषेत जागेनं वजन येतं, हेही खरं. विहिरीचं आणि पोलिसांचं वाक्य मी अजून पहिल्याच आठवड्यात सांगते. बैल अजून शेवटी नेऊन बांधते. पण वाक्य खोडायच्या आधी आता विचारते, हे तू मोठ्यानं वाच. आणि वाचताना मुलाचा श्वास कुठं तुटतो तिकडं कान देते. कधी कधी ती नुसती चूक असते. कधी नसते. ओळखायचं कसं, त्याचा नियम मला अजून सापडलेला नाही. पस्तिशीत असते तर नियम करून टाकला असता.

तिच्या पानावर मी शेवटी एकच खूण केली: चार वाजण्याच्या आधी एक स्वल्पविराम. मराठीला विरामचिन्हं लावायला मेजर कँडीनं शिकवलं, इंग्रजी वळणानं. म्हटलं एवढं तरी माझं राहू दे. तिनं वाचून पाहिलं आणि म्हणाली, इथं थांबायला जागा नाहीये मॅडम. मी तो खोडला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, आई-बाप निघायच्या आधी, तिनं ते पान आईला मराठीत करून वाचून दाखवलं. अँडच्या जागी अन् ठेवले, एकही गाळला नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, वाढं विकायचं राहिलं की. उसाची वाढी मोळी बांधून झाल्यावर गोळा करून चाऱ्याला विकतात, त्याचे वरचे पैसे येतात. मुलीनं ते मोळी आणि गाडीच्या मध्ये घातलं. अर्ज गेला तेव्हा त्या वाक्यात आठ अँड होते.